‘पाडस’च्या रानातल्या दोघी

राम पटवर्धनांचं ‘पाडस’ ज्यांनी शाळकरी वयात वाचलं, त्यांना फ्लोरिडा म्हटलं की समुद्रकिनारा आठवत नाही. आठवतं ते पाइनच्या रानातलं बॅक्स्टर कुटुंबाचं एकटं शेत, घरापासून लांब असलेलं पाणी, डुकरं उचलून नेणारं म्हातारं अस्वल आणि त्या घरातल्या ज्योडीच्या पायापायांत करणारं फ्लॅग नावाचं हरणाचं पिल्लू. पिल्लू वाढतं, पिकात शिरतं, कोवळी रोपं फस्त करतं. घरात उपासमार दिसू लागते आणि अखेर ज्योडीला जे करावं लागतं, ते वाचल्यावर कित्येक मुलांनी पुस्तक मिटून भिंतीकडे तोंड केलं असेल. इतकं आपलंसं झालेलं पुस्तक, पण ते लिहिणाऱ्या बाईचं नाव विचारलं तर भलेभले वाचक थबकतात. पटवर्धनांनी मराठीत ते इतकं मुरवलं की मूळ लेखिका अनुवादाच्या आड गेली.

तिचं नाव मार्जरी किनन रॉलिंग्ज. तिच्या घरापासून शंभरेक मैलांवर, त्याच फ्लोरिडात, आणखी एक लेखिका वाढली होती: झोरा नील हर्स्टन. एक गोरी, एक काळी. दोघींची ओळख होती, एकमेकींच्या लेखनाविषयी आदर होता, पुढे प्रकाशकही एकच झाला. १९३९ मध्ये मार्जरीला पुलित्झर मिळालं. १९६० मध्ये झोरा सरकारी आश्रयगृहात वारली आणि तिच्या कबरीवर दगडसुद्धा बसला नाही. आज अमेरिकेतल्या विद्यापीठांत कुणाचं नाव अधिक घेतलं जातं, तर झोराचं. लेखकाचा वारसा कसा टिकतो, कोण टिकवतं, कुणाच्या हातून तो निसटतो, हे समजून घ्यायला या दोघींची जोडी फार मोलाची आहे. त्यांच्यामध्ये तिसरी एक बाई उभी आहे. तिच्याकडेही यावंच लागेल.

मार्जरीचा जन्म १८९६ चा, वॉशिंग्टनचा. विस्कॉन्सिन विद्यापीठातून पदवी, मग लुइव्हिल आणि रॉचेस्टरच्या वृत्तपत्रांत नोकरी. रॉचेस्टरच्या दैनिकात ती गृहिणींसाठी नेमाने कविता लिहायची. मासिकांकडे पाठवलेल्या कथा परत यायच्या. १९२८ मध्ये तिने नवऱ्यासह क्रॉस क्रीक नावाच्या चिमुकल्या वस्तीत ७२ एकरांची संत्र्याची बाग घेतली. दोन तळ्यांच्या मधली जमीन, मूठभर घरं, साप, डास आणि थंडीच्या लाटेत एका रात्रीत जळून जाणारा मोहोर. नवऱ्याला ते मानवलं नाही. १९३३ मध्ये घटस्फोट झाला. मार्जरी मात्र तिथेच राहिली. तोवर ती जे लिहीत होती ते शहरी, बेतलेलं होतं. इथे तिने ते सोडून दिलं आणि शेजाऱ्यांचं बोलणं ऐकायला सुरुवात केली.

रानात राहणाऱ्या गरीब गोऱ्या शेतकऱ्यांना फ्लोरिडात ‘क्रॅकर’ म्हणतात. त्यांच्या घरी ती जाऊन राहिली, त्यांच्याबरोबर शिकारीला गेली, हातभट्टीची दारू कशी गाळतात ते पाहिलं. रानातल्या जुन्या माणसांकडून तिने माणसाळलेल्या हरणाची गोष्टही ऐकली. १९३३ मध्ये ‘स्क्रिबनर्स’ या प्रकाशनसंस्थेचा संपादक मॅक्सवेल पर्किन्स याने तिला सुचवलं की या रानातल्या एखाद्या मुलावर पुस्तक लिही. हा पर्किन्स म्हणजे फिट्झजेराल्ड आणि हेमिंग्वे यांचा संपादक. लेखकाच्या हातात काय आहे हे लेखकाच्या आधी ओळखणारा माणूस. मार्जरीने लगेच मनावर घेतलं नाही. पुस्तक आलं १९३८ मध्ये आणि त्या वर्षी अमेरिकेत सर्वाधिक खपलेली कादंबरी ठरलं. पुलं हेमिंग्वेची जी कादंबरी ‘एका कोळियाने’ म्हणून मराठीत आणणार होते, तीही पुढे ‘स्क्रिबनर्स’नेच छापली. मराठी माणसाच्या जिव्हाळ्याची दोन अमेरिकन पुस्तकं अशी एकाच घरातून आलेली आहेत.

झोराचा रस्ता वेगळाच होता. ती जन्मली १८९१ मध्ये अलाबामात, पण वाढली फ्लोरिडातल्या ईटनव्हिलमध्ये, आणि जन्मगावही तेच सांगायची. त्यामागे अभिमान होता. १८८७ मध्ये काळ्या लोकांनी स्वतः वसवून रीतसर नगरपालिका मिळवलेलं हे गाव. नगराध्यक्ष काळा, दुकानदार काळा, पंच काळे. झोराचे वडील धर्मोपदेशक होते आणि काही काळ नगराध्यक्षही. गावातल्या दुकानाच्या ओसरीवर संध्याकाळी माणसं जमायची आणि एकापेक्षा एक फुशारकीच्या थापा रंगायच्या. ती ओसरी हीच झोराची पहिली शाळा.

ती तेरा वर्षांची असताना आई गेली. सावत्र आईशी पटेना, शिक्षण तुटलं. मोलकरणीची कामं, फिरत्या नाटक मंडळीत पडेल ते काम, असं करत ती सव्विसाव्या वर्षी बाल्टिमोरला पोहोचली. फुकट शाळेत प्रवेश मिळण्याचं वय उलटून गेलं होतं. तिने वयातली दहा वर्षं सरळ कापली आणि ती पुढे आयुष्यभर कापलेलीच ठेवली. हॉवर्ड विद्यापीठ झालं, मग न्यूयॉर्कचं बर्नार्ड कॉलेज, जिथे त्या वेळी ती एकटीच काळी विद्यार्थिनी होती. मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस तिचे गुरू. १९२७ मध्ये ती गाडी घेऊन लोककथा गोळा करायला पुन्हा दक्षिणेत उतरली. एकटी काळी बाई, काळ दक्षिणेतल्या वर्णभेदाचा, म्हणून जवळ पिस्तूल.

या कामातून १९३५ मध्ये ‘म्यूल्स अँड मेन’ हा लोककथांचा संग्रह निघाला. मग गुगेनहाइम शिष्यवृत्तीवर हैतीत असताना तिने सात आठवड्यांत ‘देअर आइज वेअर वॉचिंग गॉड’ ही कादंबरी लिहून काढली. १९३७ मध्ये ती प्रसिद्ध झाली. तीन लग्नांतून जात स्वतःचा आवाज सापडलेली जेनी ही तिची नायिका. गोऱ्यांनी काळ्यांवर केलेला अन्याय हा कादंबरीचा मुख्य विषय नव्हता, आणि ते तिच्याच समाजातल्या मोठ्या लेखकांना खटकलं. रिचर्ड राइटने तिच्यावर कडक टीका केली: ही कादंबरी गोऱ्या वाचकांना रिझवते, तिला गाभा नाही. राइटची तळमळ खरी होती. झुंडबळींचा तो काळ, आणि लेखणी हे त्याच्यासाठी शस्त्र होतं. पण काळ्या बाईच्या मनाचा उंबरठा ओलांडून आत जाणं हीसुद्धा लढाई असू शकते, हे त्याला दिसलं नाही. ते दिसायला अमेरिकेला आणखी चाळीस वर्षं लागली.

दोघी लेखिका एकच काम करत होत्या हे लक्षात घेतलं पाहिजे. पुस्तकी इंग्रजीत ज्यांना जागा नव्हती अशा माणसांचं बोलणं त्या जसंच्या तसं कागदावर उतरवत होत्या. मार्जरीच्या पेनी बॅक्स्टरची बोली अमेरिकेने डोक्यावर घेतली. झोराला मात्र वेगळा अनुभव आला. अलाबामात मोबील शहराजवळ कजो लुइस नावाचा एक वृद्ध राहत होता. १८६० मध्ये ‘क्लोटिल्डा’ जहाजातून आफ्रिकेतून पळवून आणलेल्या माणसांपैकी तो एक. झोरा त्याच्याकडे जाऊन बसली, त्याच्या मर्जीने ऐकत राहिली आणि त्याच्या तोंडची भाषा तशीच ठेवून तिने पुस्तक रचलं. १९३१ मध्ये एका प्रकाशकाने रस दाखवला, पण अट घातली की बोलीभाषा काढून टाका. तिने नकार दिला. कजो १९३५ मध्ये गेला. ‘बाराकून’ छापून आलं २०१८ मध्ये, म्हणजे ८७ वर्षांनी. गुलामांच्या जहाजातून आलेल्या माणसाची स्वतःच्या तोंडची कहाणी एवढी वर्षं कागदांच्या ढिगात पडून राहिली. ‘पाडस’ आणि ‘बाराकून’ यांचं नशीब अनेक कारणांनी वेगळं होतं असं कुणी म्हणेल. इथे वर्ण हे एक कारण इतकं ठळक आहे की बाकीची शोधत बसण्यात अर्थ नाही.

१९४२ मध्ये झोरा सेंट ऑगस्टीन गावात काळ्या विद्यार्थ्यांच्या कॉलेजात शिकवत होती. मार्जरी तिथे व्याख्यानाला गेली. झोराच्या बोलण्याने भारावून जाऊन तिने लगोलग चहाचं आमंत्रण दिलं. मार्जरीने आदल्याच वर्षी नॉर्टन बास्किन या हॉटेलवाल्याशी लग्न केलं होतं आणि ती त्याच्या ‘कॅसल वॉर्डन’ हॉटेलात वरच्या मजल्यावर राहायची. आमंत्रण देऊन घरी आल्यावर तिच्या ध्यानात आलं की या हॉटेलात काळ्या माणसाला पाहुणा म्हणून प्रवेशच नाही. बास्किनने नोकराला बजावून ठेवलं: बाई आल्या की कुणाच्या नजरेत न येता त्यांना वर घेऊन जा. ठरलेली वेळ टळत आली, नोकर दारातच उभा. बास्किनने वर फोन केला तर झोरा केव्हाच पोहोचली होती. ती स्वयंपाकघराच्या दाराने आत शिरली आणि मागच्या जिन्याने वर गेली. यजमानीणबाईंना संकोच वाटू नये याची काळजी पाहुणीने घेतली.

त्या दिवशी दोघींच्या गप्पा फार रंगल्या. मार्जरीच्या विचारांत पुढे जो बदल होत गेला, त्यात या मैत्रीचा वाटा मोठा होता. पण बदल हळू होता, आणि त्याची दुसरी बाजू सांगणारं एक माणूस क्रॉस क्रीकच्या स्वयंपाकघरात होतं.

इडेला पार्कर. १९४० पासून दहा वर्षं मार्जरीकडे स्वयंपाकपाणी आणि घर सांभाळणारी काळी तरुणी. एकदा झोरा क्रॉस क्रीकला आली, बैठकीत दोघींचं हसणं, पिणं, वादविवाद दिवसभर चालले. रात्री झोराला एवढ्या लांब गाडी हाकत पाठवणं बरं नाही, म्हणून मुक्काम ठरला. मोठ्या घरात खोल्या रिकाम्या होत्या. इडेलाच्या आठवणीप्रमाणे झोराची पथारी पडली ती मागच्या नोकरांच्या घरात, इडेलाच्या सोबत. पुस्तकं लिहिलेली, कॉलेजात शिकलेली बाई, आणि तिलाही हेच, याने इडेला हादरली. ही गोष्ट तिने १९९२ मध्ये, स्वतःच्या पुस्तकात, नावानिशी लिहिली.

मार्जरीला ढोंगी ठरवून हा प्रसंग बाजूला टाकणं सोपं आहे. तसं करू नये. तिच्या पुस्तकांतली करुणा खरी आहे. उपाशी माणसाच्या हातून होणारं क्रौर्य समजून घेताना तिची लेखणी कुठे खोटी पडत नाही. आणि त्याच बाईला स्वतःच्या घरातली रिकामी खोली मैत्रिणीला देववली नाही. दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या तरच ती पुरती कळते.

झोराला ‘स्क्रिबनर्स’कडे आणण्यात मार्जरीचा हात होता. पर्किन्सने झोराला लेखिका म्हणून घेतलं खरं, पण जून १९४७ मध्ये तो वारला. १९४८ मध्ये झोराची ‘सेराफ ऑन द सुवानी’ तिथून प्रसिद्ध झाली. तिची पात्रं गोरी क्रॅकर माणसं, म्हणजे मार्जरीचाच मुलूख. अर्पणपत्रिकेत मार्जरीचं नाव. त्याच वेळी न्यूयॉर्कमध्ये झोरावर एका लहान मुलाच्या लैंगिक छळाचा आरोप आला. आरोपातल्या काळात आपण होंडुरासमध्ये होतो, हे तिने पासपोर्टनिशी दाखवलं आणि १९४९ मध्ये खटला मागे घेतला गेला. पण काळ्यांच्याच वृत्तपत्रांनी ती बातमी रंगवून छापली होती. हा घाव तिला सगळ्यात खोल लागला.

१९५० मध्ये ती मायामीत एका श्रीमंत घरी धुण्याभांड्याचं काम करत होती. घरमालकीण साप्ताहिक चाळत असताना तिला त्यात एक कथा दिसली, आणि कथेवर नाव होतं आपल्याच कामवालीचं. वर्तमानपत्रात बातमी झाली. झोराने बाणेदारपणे सांगितलं की जरा बदल म्हणून हे काम धरलं आहे. कोणत्याही एका पुस्तकावर तिला मिळालेलं सर्वांत जास्त मानधन ९४३ डॉलर ७५ सेंट होतं, हे कळल्यावर त्या उत्तरामागचा ताठ कणा अधिक दिसतो.

शेवटच्या काळात तिने आपल्या माणसांना आणखी दूर केलं. १९५५ मध्ये शाळांमधला वर्णभेद मोडणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालावरच तिने एका दैनिकाला पत्र लिहून टीका केली. काळ्या मुलांना शिकायला गोऱ्या मुलांच्या शेजारी बसावं लागतं, असं मानणं हाच अपमान आहे, असा तिचा मुद्दा. स्वतःच्या बळावर उभ्या राहिलेल्या ईटनव्हिलची ती लेक. तिथून पाहिलं तर तिचा मुद्दा कळतो. पण छप्पर गळणाऱ्या, पुस्तकं नसलेल्या शाळांत बसलेल्या लाखो मुलांना तो काय कामाचा? तिने चूक केली असंच म्हणायला हवं.

फोर्ट पियर्स गावात स्थानिक पत्रात लिहीत, अधूनमधून शाळेत शिकवत ती जगली. पक्षाघातानंतर काउंटीच्या वेल्फेअर होममध्ये २८ जानेवारी १९६० रोजी तिचा अंत झाला. अंत्यविधीचे पैसे लोकांनी वर्गणी काढून भरले. घर रिकामं करताना तिचे कागद पिंपात टाकून पेटवले गेले. रस्त्याने जाणारा पॅट्रिक ड्यूव्हल नावाचा काळा शेरीफ-सहायक धूर पाहून थांबला. तो झोराला ओळखत होता, तिने कायम लिहिलं हे त्याला ठाऊक होतं. त्याने नळी घेऊन आग विझवली. वाचलेल्या कागदांत हेरॉड राजावरची कादंबरी होती. ती २०२५ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाली. अमेरिकन साहित्याच्या इतिहासात समीक्षकांची, संपादकांची नावं भरपूर येतात. ड्यूव्हलचं नाव त्यांच्या बरोबरीने यायला हवं.

मार्जरी १९५३ मध्येच गेली होती. तिच्या शेवटच्या दशकावर एका खटल्याची छाया होती. ‘क्रॉस क्रीक’ या १९४२ च्या आठवणींच्या पुस्तकात तिने आपली मैत्रीण झेल्मा केसन हिचं चित्र काढलं होतं. झेल्मा चिडली, न्यायालयात गेली. मार्जरी खालच्या कोर्टात जिंकली, पण १९४७ मध्ये फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणाचा भंग झाला असं मानून झेल्माला नाममात्र एक डॉलर आणि खर्च देवविला. खऱ्या माणसांवर लिहिण्याचा हक्क कुठवर, हा प्रश्न आजच्या आत्मकथनांनाही टाळता येत नाही. मार्जरीने त्यानंतर क्रॉस क्रीकवर पुस्तक लिहिलं नाही. मृत्यूनंतर तिला जिथे पुरलं, त्याच छोट्या दफनभूमीत पुढे काही पावलांवर झेल्माही आली.

पण मार्जरीचं घर राहिलं. तिने ते फ्लोरिडा विद्यापीठाला दिलं. आज ते राज्याचं संरक्षित स्मारक आहे, संत्र्याच्या झाडांसकट. ‘पाडस’वर १९४६ मध्ये ग्रेगरी पेकचा चित्रपट निघाला होता. पण ती हळूहळू किशोरांची लेखिका म्हणून एका कप्प्यात गेली, तर झोराला त्याच सुमारास कुणी विचारत नव्हतं.

मग आली अॅलिस वॉकर. ‘द कलर पर्पल’ अजून लिहायची होती. झोराचं लेखन तिच्या हाती लागलं आणि तिला राग आला: आपल्याला हे कुणी शिकवलं कसं नाही? १९७३ मध्ये ती फोर्ट पियर्सला गेली. लोक बोलते व्हावेत म्हणून तिने आपण झोराची भाची आहोत असं सांगितलं. दफनभूमीत गवत गुडघ्याच्या वर वाढलेलं, सापांची भीती, कुठे काय पुरलं आहे त्याचा पत्ता नाही. वॉकरने मोठ्याने झोराला हाक मारली. चालता चालता तिचा पाय एका खचलेल्या लांबट खड्ड्यात गेला, आणि हीच ती जागा असं तिने धरलं. दगडाच्या दुकानात तिला एक उंच काळा दगड फार आवडला होता. किंमत परवडेना, म्हणून साधा करडा घेतला. त्यावर ‘दक्षिणेची प्रतिभा’ अशा अर्थाचे शब्द कोरून घेतले आणि जन्मसाल घातलं १९०१. झोराने शाळेसाठी कापलेली दहा वर्षं दगडावरही कापलेलीच राहिली.

१९७५ मध्ये ‘मिझ’ मासिकात वॉकरचा लेख आला. त्याच डिसेंबरात साहित्याच्या प्राध्यापकांच्या मोठ्या अधिवेशनात ‘देअर आइज’ पुन्हा छापा, अशा अर्जावर सह्या गोळा केल्या गेल्या. तोवर शिक्षिका ती कादंबरी झेरॉक्स करून वर्गात वाटत होत्या. रॉबर्ट हेमनवेचं चरित्र १९७७ चं, कादंबरीची नवी आवृत्ती १९७८ ची. काळ्या स्त्रियांच्या चळवळीला आपली आजी हवी होती आणि ती सापडली. झोराचं पुनरागमन गुणवत्तेने आपोआप झालं असं म्हणणं त्या सह्या गोळा करणाऱ्या बायांवर अन्याय करणारं आहे. गुणवत्ता १९३७ मध्येही तेवढीच होती. ईटनव्हिलच्या मुख्य रस्त्याच्या पाच मार्गिका करायचा घाट १९८७ मध्ये घातला गेला तेव्हा गाव वाचवायलाही झोराचंच नाव कामी आलं. १९९० पासून तिथे तिच्या नावाचा महोत्सव भरतो.

दोघींचे कागद आज गेन्झव्हिलच्या फ्लोरिडा विद्यापीठात, एकाच ग्रंथालयात आहेत. मार्जरीच्या कागदपत्रांत तिची हस्तलिखितं आणि पत्रं. झोराच्या काही पानांच्या कडा जळून काळ्या पडलेल्या. चहाला मागच्या जिन्याने जावं लागलं, रात्री मागच्या घरात झोपावं लागलं, त्या बाईला आपल्या मैत्रिणीच्या बरोबरीची जागा मिळाली ती इथे.

इडेलाला कुठल्या ग्रंथालयाची वाट पाहावी लागली नाही. ‘क्रॉस क्रीक’ पुस्तकात मालकिणीने तिला आदर्श मोलकरीण म्हटलं होतं. त्याच वर्षी आलेल्या मार्जरीच्या पाककृतींच्या पुस्तकातही इडेलाच्या हातचं पुष्कळ होतं. तिच्या म्हणण्यानुसार मोजक्याच पदार्थांना तिचं नाव लागलं आणि बदल्यात मिळाली सही केलेली एक प्रत. पन्नास वर्षांनी तिने आपल्या आठवणी लिहिल्या तेव्हा मालकिणीने दिलेली ‘परफेक्ट मेड’ ही पदवी अवतरणचिन्हांत घालून मुखपृष्ठावर छापली. आत मार्जरीची दारू आहे, तिचे रागाचे झटके आहेत, तिचं एकटेपण आहे आणि तिच्याविषयीची माया आहे. मार्जरीच्या कुठल्याही चरित्रकाराला या पुस्तकाशिवाय पुढे जाता येत नाही. १९९९ मध्ये, वयाच्या पंचाऐंशीच्या घरात, इडेलाने दुसरं पुस्तक काढलं. त्याची सुरुवात मार्जरीपासून होत नाही. ती होते रेडिकपासून, इडेलाच्या स्वतःच्या गावापासून.